मुदतीत न बसलेली दिवाळी

आमच्या कोरीटच्या घरचा एक बैल मोटेच्या धावेवर घसरला आणि पायानं कायमचा गेला. वडिलांनी त्याला नंदुरबारच्या पांजरपोळात नेऊन सोडला. मी बरोबर होतो, तेव्हा शाळेत जात होतो. दारावरच्या माणसानं बैलाच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि कडी काढली. बैल केव्हा लंगडा झाला, कामावर असताना की चरताना, त्याला कोणी पाहिलं का, इतके दिवस तुम्ही काय करत होता, असलं काहीएक त्यानं विचारलं नाही. बैल आत गेला आणि त्यानं गवताला तोंड लावलं.

त्या बैलावर माझा राग नाही. पण पुढं मजुरांच्या कामात पडलो आणि तुटक्या हातांची माणसं पाहू लागलो, तेव्हा ती कडी मला वारंवार आठवायला लागली. आमच्या भागात हात गेलेल्या माणसाला काय आहे? सरकारी दवाखान्यात पट्टी आहे, देवळाची पायरी आहे, बाजाराच्या दिवशी रस्त्याची कड आहे. आणि हो, कायदा आहे. कारखान्यात अपघात झाला तर मालकानं भरपाई द्यावी असा सरकारी कायदा आहे. तो आम्ही चारपाच पोरांनी पत्रकात छापला होता. पत्रक मीच लिहिलं होतं. त्यात मोठ्या टायपात होतं: "अपघात झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करा!" तेव्हा मुदत सहा महिन्यांची होती. शेवटी उद्गारचिन्ह होतं. आमच्या पत्रकात उद्गारचिन्हांना तोटा नसे.

ही गोष्ट दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची आहे. आषाढ लागला होता, पण तापीला अजून पूर नव्हता. तळोद्याच्या बाजारात पत्रकं वाटायला म्हणून मी तापीकाठच्या प्रकाशा गावी नावेत बसलो. नावेत दोन शेळ्या, मिठाची पोती, आणि सातपुड्यातलं एक जोडपं. माणूस माझ्याहून फार मोठा नसेल. उजवा हात कोपराच्या वरून नव्हता. उरलेल्या भागावर त्यानं पागोट्याचं टोक गुंडाळलं होतं. बायको माझ्या हातातल्या पत्रकांकडे पाहत होती.

"भाऊ, तुले वाचता येस का?"

"येतं."

"मंग हाई वाच."

तिनं कमरेच्या गाठीतून एक कागद काढला. धुळ्याच्या कचेरीची नोटीस होती. जिल्ह्याचं ठाणं धुळ्याला, आणि भरपाईचे अर्ज ऐकणारा अधिकारी तिथंच बसायचा. नवऱ्यानं नंदुरबारच्या एका जीनवर, म्हणजे कपाशीतली सरकी काढायच्या कारखान्यावर, हात गमावला, म्हणून त्यांनी अर्ज केला होता. जीनच्या मालकाचं म्हणणं, अर्जाची मुदत गेलेली आहे. सुनावणी श्रावणात.

अर्जातली अपघाताची तारीख नोटिशीत होती. दिवाळीनंतरचा तिसरा दिवस. अर्ज दिला वैशाख संपताना. मी बोटांवर महिने मोजले आणि मला जे छापील येत होतं ते सांगितलं.

"बाई, मुदत सहा महिन्यांची असते. ती गेली."

"कशी गई?" ती म्हणाली. "थंडी व्हती. तूर कापी ऱ्हायनू व्हतू आम्ही."

नवरा पहिल्यांदा बोलला. "दिवाळी करी उनू. तिसरे दिन पट्टानं हात लिधा."

मी शेतकऱ्याचं पोर. दिवाळीत तुरीला कुठं फुलं दिसायला लागलेली असतात. तूर कापायची ती पौषात. म्हटलं, "दिवाळीला तूर कापता तुम्ही?"

नावाडी मागून हसला. "भो, डोंगरवाल्यासनी दिवाळी येगळी ऱ्हास. गावेगाव येगळी. पौष-माघमा दोन महिना मी यासले पाव्हनपनले पोचाडी ऱ्हास."

सातपुड्यातली दिवाळी पंचांगात नसते, हे त्या नावाड्याला ठाऊक होतं, पण कचेरीला नव्हतं. पीक घरात आलं की प्रत्येक गावाचा पुजारी आणि चार जाणती माणसं बसतात आणि आपल्या गावाची दिवाळी ठरवतात. वाघदेवाची पूजा होते, ढोल वाजतात. शेजारच्या गावाची दिवाळी आणि आपली एका दिवशी येऊ द्यायची नाही, कारण त्यांनी आपल्याकडे यायचं असतं आणि आपण त्यांच्याकडे जायचं असतं. नावाड्यानं आठवून सांगितलं, यांच्या गावची दिवाळी पौषाच्या शेवटी झाली होती. म्हणजे अपघातही तेव्हाचाच. म्हणजे सहा महिने अजून संपलेले नव्हते. काही दिवस बाकी होते.

मी पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला. तळोद्याच्या बाजाराला गेलोच नाही. त्याच नावेनं त्यांना घेऊन परत फिरलो.

वाटेत नवऱ्यानं सांगितलं ते असं. इंजिनाचा पट्टा चाकावरून उतरला की चालत्या चाकावरच तो काठीनं चढवायचा, हे त्याचं काम. इंजीन थांबवून चढवला तर हात वाचतात, पण तेवढा वेळ सरकी काढणारी यंत्रं, म्हणजे सगळे रेचे, उभे राहतात, आणि मालकाला उभे रेचे बघवत नाहीत. काठी अडकली, काठीमागं हात गेला. मुकादमानं त्याला सरकारी दवाखान्यात नेलं नाही. तिथं नेलं असतं तर नोंद झाली असती. मालकाच्या ओळखीच्या डॉक्टरनं हात कापला आणि तो जखम भरेपर्यंत मुकादमाच्या गोठ्यात पडून होता. हजेरीत त्याचं नाव नव्हतंच. डोंगरातली माणसं मुकादमाच्या नावावर टोळीनं लागतात: अमुक मुकादम, माणसं बारा. हात बारांपैकी कुणाचा गेला ते हजेरीत कुठून सापडणार?

नंदुरबारच्या कचेरीसमोर लिंबाखाली अर्ज लिहिणारे बसत. यांचा अर्ज ज्यांनी लिहिला त्या तात्यांना मी गाठलं. पान चघळत होते.

"तात्या, ही तारीख कुठून आणली?"

"त्यानंच सांगितली. म्हणाला, दिवाळीपासून तिसऱ्या दिवशी. पंचांग काढलं, तारीख टाकली."

"कुठली दिवाळी ते विचारायचं होतं."

"अरे, दिवाळ्या किती असतात? उद्या म्हणशील, रविवार कुठला ते विचारा."

"त्यांच्या गावची पौषात होती."

तात्यांनी पान थुंकलं. माणूस वाईट नव्हता. पण आपलं चुकलं असं त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. "मग दिवाळी कशाला म्हणावं माणसानं?" एवढंच म्हणाले, आणि दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. तो त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं धुळ्याला गेला. मुदतीच्या आत गेला. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढं कोणीही हे लक्षात घेतलं नाही: तो मुदतीच्या आत गेला.

आता साक्षीदार हवे होते. नावाड्याला विचारलं, तर त्यानं हातातलं वल्हं वर करून दाखवलं. "मी धुळाले उनू तं नाव कोन चलाडी?" म्हणून मी अक्राणीच्या डोंगरात त्यांच्या गावी गेलो. वाट चिखलानं निसरडी झाली होती. चढावर माझ्या चपला तुटल्या, तेव्हा पुढं चालणारी ती बाई वळून म्हणाली, "काढी टाक. डोंगर चपलासले वळखत नही."

गावचा पुजारी अंगणात बांबू सोलत बसला होता. मी त्याला सगळं समजावलं. बाजाराच्या निमित्तानं त्याला अहिराणी येत होती. ऐकून त्यानं विचारलं, "तुम्हना सायबनी दिवाळी कोन ठरावस?"

"पंचांग."

"पंचांग कोन शे?"

"पुस्तक."

"पुस्तकले घर शे? ढोर शे? कनगीमा दाना शे?"

"नाही."

"मंग पुस्तकले दिवाळी कसाले जोयजे?"

भोवतीची माणसं खदखदून हसली. मीही हसलो. हात गेलेला मात्र हसला नाही. तो झोपडीच्या दारात उभा होता. आतल्या खुंटीला त्याचा तीरकामठा टांगलेला होता. त्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलीनं तो खाली काढायला हात वर केला, तशी तिच्या आईनं तिला मागं ओढलं. या माणसाला औत धरता येत नव्हतं, झाडावर चढता येत नव्हतं, कामठा ओढता येत नव्हता. भरपाई मिळाली तर एक जोडी घेऊन शेत दुसऱ्याकडून वाहून घेता येईल, एवढा त्यांचा हिशेब. नाही मिळाली तर बायको जीनवर जाणार. त्याच जीनवर. हे तिनं मला वाटेत शांतपणे सांगितलं होतं, जसं पाऊस येईल म्हणून सांगावं तसं.

पुजारी आणि शेजारच्या गावचा एक म्हातारा, जो त्या दिवाळीला पाहुणा म्हणून आला होता, दोघं यायला तयार झाले. तापी चढायच्या आत ते त्या जोडप्याबरोबर खाली उतरले आणि नंदुरबारला आम्हा पत्रकवाल्या पोरांच्या मंडळाच्या खोलीत राहिले. शेजाऱ्यांनी तक्रार केली की या खोलीत आता भिल्ल झोपतात. मी त्यांना म्हटलं, भिल्ल झोपतात आणि तुम्ही जागे आहात, तर जरा काही चांगलं करा. त्यावर त्यांनी दार लावून घेतलं.

आम्हांला एक वकील मिळाला होता. फी घेत नव्हता, कारण त्याला कोणी फी देतच नव्हतं. नुकती सनद मिळालेला, कोटाच्या बाह्या आखूड. तो मला आदल्या दिवशी आनंदानं म्हणाला, "आपल्याकडे एक जबरदस्त मुद्दा आहे. जीनचा शेठ गुजराती. गुजराती शेठ दिवाळीला कारखाना बंद करतात आणि लाभपाचमीला, कार्तिकातल्या पंचमीला, मुहूर्त करून उघडतात. म्हणजे अर्जात लिहिलेल्या दिवशी जीन बंद होती! त्या दिवशी अपघात होणं शक्यच नाही. तारीख चुकीची आहे हे आपोआप सिद्ध होतं."

मला तो मुद्दा सोन्यासारखा वाटला. आजही वाटतो. सत्य होतं ते. नंदुरबारातलं शेंबडं पोरही सांगेल की लाभपाचमीच्या आधी जीनचा भोंगा वाजत नाही.

धुळ्याच्या त्या खोलीत अधिकारी साहेब मध्यमवयीन होते, सभ्य होते, घसा बसलेला होता. ते कोणावर ओरडले नाहीत. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्या पत्रकात साहेब नेहमी ओरडतात. शेठ आले नव्हते, त्यांचे वकील आले होते. मागं मुकादम उभा.

पुजाऱ्याला शपथ दिली. शेठच्या वकिलांनी विचारलं, "तुमच्या गावची दिवाळी कोणत्या तिथीला झाली?"

"तिथी नही. पाच जन बसनूत, ठराई."

"ठरवली ती कोणत्या दिवशी?"

"शेजारना गावनी झायी, मंग आम्हनी."

"त्या गावची केव्हा झाली?"

पुजाऱ्यानं शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "त्याले इचार."

म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आम्हनी पहिले झायी. मंग यासनी."

खोलीत हशा पिकला. कारकून हसले, शिपाई हसला. पुजाऱ्याला वाटलं, आपण काही चांगलं बोललो, म्हणून तोही हसला. ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

"संक्रांतीच्या आधी की नंतर?" वकिलांनी विचारलं.

"संकरांत तुम्हनी. आम्हले काय मालूम?"

मग साहेबांनीच विचारलं, "काही लेखी आहे का? आमंत्रण, पावती, काहीही?"

आमच्या वकिलानं सांगितलं की त्या गावात लिहिणारा माणूसच नाही. "तूर कापली जात होती, साहेब, ती पौषातच कापतात." शेठचे वकील म्हणाले, "तूर हा कोणता महिना आहे?" पुन्हा हशा.

मग आमच्या वकिलानं लाभपाचमीचा मुद्दा काढला. मुकादमाला पुढं बोलावून विचारलं, जीन दिवाळीत बंद होती का? मुकादमानं शेठच्या वकिलांकडे पाहिलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मुकादम म्हणाला, "बंद व्हती. लाभपाचमले चालू झायी."

आमचा वकील जिंकल्यासारखा खाली बसला. शेठचे वकील सावकाश उठले.

"साहेब, एवढं झाल्यावर मला बोलण्यासारखं काही उरत नाही. अर्जदारानं आधी सांगितलं, दिवाळीला हात गेला. त्याच्याच वकिलांनी आता सिद्ध केलं की त्या दिवशी आमची जीन बंद होती. म्हणजे हात कुठंही गेला असेल, आमच्याकडे गेला नाही. मग नोटीस आली, मुदतीचं कळलं, आणि कळल्याबरोबर दिवाळी पुढं सरकली. आमच्याकडे दिवाळी आधी येते आणि मुदत नंतर सुरू होते. यांच्याकडे आधी मुदत पाहतात आणि मग दिवाळी करतात."

मी उभा राहिलो. मला बोलायचा अधिकार नव्हता. म्हणालो, "हात तरी गेलाय ना? तो दिसतोय ना तुम्हांला? तो काय पंचांग बघून गेला?"

साहेबांनी मला खाली बसायला सांगितलं. बसलो नाही, तेव्हा शिपायानं बसवलं.

साहेबांनी आमच्या वकिलाला एक वाट दाखवली, खरं सांगायचं तर दयेनं दाखवली. उशिराला पुरेसं कारण असेल तर मुदत माफ करण्याचा अधिकार त्यांना होता. "उशीर झाला हे कबूल करा आणि कारण सांगा, मी विचार करीन." आमचा वकील गोंधळला. उशीर झाला म्हणावं तर अपघात दिवाळीचा ठरतो आणि दिवाळीला जीन बंद होती. उशीर झाला नाही म्हणावं तर माफी कशाची मागायची? त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हात गेलेल्याकडे पाहिलं. त्यानं नकाराची मान हलवली.

"उशीर नही झाया," तो म्हणाला. "खोटं कसं सांगू?"

साहेबांनी निकाल जागेवरच सांगितला. अर्जातल्या दिवशी अपघात झाला नाही, हे अर्जदाराच्याच पुराव्यावरून दिसतं. दुरुस्तीच्या अर्जातली तारीख कोणत्याही लेखी पुराव्यानं सिद्ध होत नाही. नवा अर्ज करायची मुदत आता राहिलेली नाही. अर्ज नामंजूर. मग ते खोकले आणि त्यांनी पुढचं काम पुकारायला सांगितलं.

मी पत्रकवाला आहे. इथं मी पूर्वी लिहिलं असतं की कायदा विकला गेला. नाही. कोणी कोणाला काही दिलं नाही. घेतलंही नाही. सगळं रीतसर झालं, आणि म्हणूनच त्याचा विटाळ माझ्या मनातून जात नाही. लाच असती तर निदान कोणाला तरी लाज वाटली असती. हा कायदा ज्याच्यासाठी केला त्याचा दिवस मोजायचा कसा, हे कायदा करणाऱ्यांनी कधी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही. आमचं पत्रक आता बदललं आहे. त्यात पहिली ओळ आहे: तारीख लिहिण्याआधी माणसाला विचारा, तुझं गाव कोणतं.

खाली व्हरांड्यात पुजारी चिलीम शोधत होता. त्याला वाटत होतं की अजून काही विचारायला बोलावतील. तेवढ्यात मुकादम जिना उतरून आला. वर साक्ष देताना त्याचा आवाज बारीक होता, इथं मोकळा झाला.

"शेठनं सांगेल शे," तो हात गेलेल्याला म्हणाला, "वैर नको. पांजरपोळमा ये. ढोरेसले पानी पाजनं, गवत टाकनं. एक हातनं व्हई जाई. दोन टाइम भाकर आनि ऱ्हावाले जागा."

शेठ पांजरपोळाचे एक विश्वस्त होते. मी मुकादमाच्या अंगावर गेलो असतो, पण ती बाई मधे आली. ती मुकादमालाच म्हणाली, "हात जीनमा गया आनि भाकर ढोरेसना वाटानी?"

"तुले नको व्हई तं नको. त्याले इचारी ऱ्हायनू मी."

मी त्यांना घाईघाईनं अपिलाचं सांगू लागलो. मुंबईच्या मोठ्या कोर्टात जाता येतं, पैसे आम्ही वर्गणी करून जमवू, मी स्वतः येतो. ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, "त्याले मुदत ऱ्हास का, भाऊ?"

"असते," मी म्हटलं.

ती हसली. तसं हसणं मी पुन्हा कोणाचं ऐकलेलं नाही, आणि ऐकायचंही नाही. मग तिनं नवऱ्याच्या पागोट्याचं सुटलेलं टोक घेऊन तुटक्या हातावर नीट गुंडाळलं, आणि त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "जाय. पोरगी खाई तरी."

त्यानं ते टोक डाव्या हातानं आत खोवलं. मग मुकादमाला म्हणाला, "येसू. पन दिवाळीले सुट्टी जोयजे."

"भेटी ना. दिवाळीले सारासले भेटस. लाभपाचमपावत."

"ती नही. आम्हनी."

"तुम्हनी कव्हय शे?"

त्यानं पुजाऱ्याकडे पाहिलं. पुजाऱ्यानं चिलीम सापडली म्हणून वर केली आणि नाही अशी मान हलवली.

"आजून ठरनी नही," पुजारी म्हणाला.